बिनकिडीची वांगी

माणिकप्पांनी सुनेला अर्धा एकर रान वांग्यासाठी दिलं, पण एका अटीवर. ती अट त्यांनी सुनेला सांगितली नाही. सुनेशी थेट बोलायचं नाही अशी त्यांच्या घराण्याची रीत होती, त्यामुळं जे काही सांगायचं ते ते बायकोला सांगत आणि सून शेजारीच उभी राहून ऐकत असे.

"तिला म्हणावं, येळवशीपतुर बघू. तवर बाजारात वांगी खपली तर खपली. न्हाय तर येळवशीच्या दुसऱ्या दिवशी धोंडप्पाला बोलावतो, रोटाव्हेटर फिरवतो आन् भुईमूग टाकतो."

गजराबाईंनी मान वळवून सुनेकडं पाहिलं. सोनालीनं होकारार्थी मान हलवली. गजराबाईंनी तीच मान नवऱ्याकडं पोचवली. करार झाला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या. त्या दिवशी आमच्या जळकोटात घरी कुणी सापडत नाही. सगळं गाव रानात जेवायला असतं. ज्याला रान आहे तो बोलावतो, ज्याला नाही तो जातो. करार झाला तेव्हा येळवस चार महिन्यांवर होती, आणि चार महिने म्हणजे पुष्कळ, असं सोनालीला वाटलं. ती लातूरची, बीएस्सी कृषी. चार महिन्यांत काय काय होतं हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. तिचा नवरा वीरभद्र सोलापुरात औषधांच्या कंपनीत होता. तो रविवारी येई आणि वांग्याच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंना पाठिंबा देई.

वांगी मात्र झाली. नुसती झाली नाहीत, देखणी झाली. जांभळी, टपोरी, देठाला काटे, अंगावर डाग नाही. वांग्याचा खरा वैरी म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिच्यासाठी सोनालीनं अर्ध्या एकरात आठ सापळे टांगले होते. वर रोज उजाडता उजाडता एक चक्कर. सुकलेला शेंडा दिसला की खुडायचा, भोकाचं वांगं दिसलं की तोडायचं, आणि सगळं बांधाशी खड्ड्यात पुरायचं. बाजारात जाई ते निव्वळ निवडलेलं. पहिले दोन-तीन बाजार बरे गेले. सगळा माल संपत नव्हता, पण घरी परतही फार येत नव्हता. माणिकप्पा परत आलेली टोपली डोळ्यांनी मोजत.

तेव्हा सोनालीला लेबल सुचलं.

पुण्याला बहिणीकडं गेली असताना एका मोठ्या दुकानात तिनं तेलाच्या बाटल्या पाहिल्या होत्या. ज्या बाटलीवर 'जीएम-मुक्त' असं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं ती शेजारच्या बाटलीपेक्षा भराभर उचलली जात होती. बाटलीतलं तेल दोन्हीकडं सारखंच पिवळं होतं. शिकलेल्या माणसाला अशा गोष्टी लक्षात राहतात. तिनं नळदुर्गात झेरॉक्सच्या दुकानातून स्टिकर छापून आणले: 'या वांग्यांत जनुकीय बदल केलेला नाही. जीएम-मुक्त.' खाली पानाचं चित्र होतं. ते दुकानदारानं फुकट दिलं. पान पिंपळाचं होतं.

अर्ध्या अर्ध्या किलोच्या जाळीच्या पिशव्या, प्रत्येकीवर स्टिकर, असा थाट मांडून ती बाजारात बसली. शेजारी विठाबाई होती. विठाबाई तीस वर्षं त्याच जागेवर भाजी विकते. तिच्याकडं पिशवी नाही, स्टिकर नाही, पोतं आहे आणि पोत्यावर ढीग आहे.

"हे काय चिकटवलंस गं?" विठाबाई म्हणाली. "वांग्याला औषधाच्या बाटलीवानी?"

"लोकांना कळावं मावशी, आपली वांगी चांगली आहेत म्हणून."

"चांगली हायत हे लिवावं लागतं व्हय?" विठाबाईनं विचारलं, आणि ती तिच्या गिऱ्हाइकाकडं वळली. ती वळली नसती तर पुढचं बरंच टळलं असतं.

कारण तेवढ्यात ज्ञानोबा गुरुजी आले. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शिकवणं त्यांनी गावभर चालू ठेवलेलं आहे. लिहिलेलं काही दिसलं की ते वाचल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नाही. विजेच्या खांबावरची मूळव्याधीची जाहिरातसुद्धा ते शेवटच्या फोन नंबरापर्यंत वाचतात आणि शुद्धलेखनाबद्दल हळहळतात. त्यांनी चष्मा चढवला, पिशवी उचलली आणि मोठ्यानं वाचलं. चार बायका थांबल्या.

"जनुकीय बदल केलेला नाही," गुरुजी म्हणाले. "बरं. हे लिहिलंस का?"

"लोकांना कळावं म्हणून, गुरुजी."

"लोकांनी विचारलं होतं?"

"नाही."

"गेल्या बाजाराला हे लिहिलेलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग गेल्या बाजाराची वांगी कसली होती?"

सोनाली गडबडली. "हीच होती, गुरुजी."

"मी खाल्ली ती," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी पोटावरून हात फिरवला. चारही बायकांनी त्या पोटाकडं पाहिलं.

सोनालीनं मग खरं ते सांगून टाकलं. तिथंच चुकलं. "अहो गुरुजी, तसली वांगी लावायला आपल्या देशात परवानगीच नाही. कुणाचीच वांगी जीएम नसतात. माझी नाहीत, विठामावशींची नाहीत, कुणाचीच नाहीत."

"कुणाचीच नाहीत, तर तू एकटीनंच कशाला लिहायचं? मी काय 'मी चोर नाही' अशी पाटी गळ्यात अडकवून हिंडतो?"

बायका हसल्या. पाटी घातलेले गुरुजी त्यांच्या डोळ्यांपुढं आले असावेत.

"आणि परवानगीचं म्हणशील," गुरुजी पुढं म्हणाले, "तर परवानगी नसलेलं काय काय चालतं हे हायवेला राहणाऱ्या माणसाला नको सांगू."

त्या चौघींतली एक बाई सावधगिरी म्हणून विठाबाईकडं वळली. "मावशी, तुमच्या वांग्यात हाय का वो जीएम?"

मालात अमुक एक नाही, असं विठाबाई तीस वर्षांत म्हणालेली नाही. "हाय की!" ती म्हणाली. "माझ्यात समदं हाय. पयल्यापासनं हाय. किती पायजे?"

बाईनं वांगं खाली ठेवलं. विठाबाईला वारं कळलं. "म्हंजे, होतं," ती म्हणाली. "कालच संपलं."

इकडं गुरुजींनी पिशवीतलं एक वांगं काढून चहूकडून फिरवून पाहिलं. मग दुसरं. मग तिसरं. त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. "एकाला भोक नाही," ते म्हणाले.

"नाहीच गुरुजी. मी निवडून—"

"किड्याला कळतं. माणसाला वाचून कळतं, किड्याला वाचायला येत नाही म्हणून त्याला न वाचता कळतं. ज्याला किडा तोंड लावत नाही ते माणसानं पोराबाळांच्या ताटात वाढायचं?"

हे वाक्य चांगलं होतं. गुरुजींनाही ते चांगलं वाटलं, कारण त्यांनी ते पुढं चहाच्या टपरीवर, पारावर आणि मोबाइलवर पुन्हा वापरलं.

"गुरुजी, मी कामगंध सापळे लावलेत," सोनाली म्हणाली. "त्यानं कीड आटोक्यात राहते."

"गंध?" एक बाई दुसरीला म्हणाली. "वास मारलाय म्हण वांग्यावर."

"वांग्यावर नाही ओ मावशी, सापळ्यात—"

पण बाईनं पिशवी नाकाला लावली होती आणि तिला वास येत होता. कसला ते तिला सांगता येईना, त्यामुळं तर तो जास्तच वाईट ठरला.

त्या बाजाराला अर्धा माल परत आला. जाता जाता सोनालीनं विठाबाईच्या पोत्याकडं पाहिलं. तीस वर्षं जी भोकं विठाबाई पोत्याच्या अंगाला दडवून ठेवायची, त्या भोकांची तोंडं तिनं आता गिऱ्हाइकाकडं केली होती.

पुढच्या बाजाराला सोनालीनं स्टिकर काढून टाकले. हा उपाय बरोबर होता, पण आठवडाभर उशिरा. पिशव्या कोऱ्या दिसताच पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "का वो, आता घातलंय का जीएम? चिठ्ठी काढली ती?"

आठवडाभर जळकोटात दुसरा विषय नव्हता. जीएम म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसल्यामुळं त्यावर मतं द्यायला सगळ्यांना सारखीच संधी मिळाली. कुणी म्हणालं, ते खाल्ल्यानं केस जातात. कुणी म्हणालं, परदेशात जे फेकून देतात ते आपल्याकडं येतं. एकानं सांगितलं की त्याचा मेव्हणा तसलं वांगं खाऊन चार दिवस झोपला नाही. मेव्हण्याचं लग्न त्याच आठवड्यात झालं होतं, पण हा तपशील नंतर कळला. आणि हे सगळं बोलणं टपरीवर, दुधाच्या चहाबरोबर चालायचं. ते दूध ज्या म्हशींचं, त्या म्हशी सरकी पेंड खातात, आणि सरकी ज्या कापसाची तो कापूस वीस वर्षं झाली, बीटी आहे, म्हणजे जीएमच. सोनालीच्या ओठावर हे चांगलं दहा वेळा आलं. दहाही वेळा तिनं ते गिळलं. त्यानं तिची वांगी खपली नसती, नुसतं गावाचं दूध बंद झालं असतं, आणि ते मग तिच्याच नावावर लागलं असतं.

घरात माणिकप्पा बायकोला म्हणाले, "तिला म्हणावं, मी भुईमुगाचं बी आणलंय. घाई न्हाय. आणून ठेवलंय नुसतं."

गजराबाईंना सुनेची बाजू घ्यायची होती, पण बाजू कशी घेतात हे त्यांना एकाच पद्धतीनं माहीत होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या पहाटे उठून रानात गेल्या आणि तासाभरानं ओच्यात तीन वांगी घेऊन आल्या. तिन्हींना भोकं होती.

"आत्या, हे काय?"

"अख्ख्या अर्ध्या एकरात तीन घावली बघ. हुडकून हुडकून डोळं गेलं."

"आत्या, किडकी आपण पुरतो."

"पुरायची न्हाईत. टोपलीत वर मांडायची."

"अहो, सगळा बाजार चांगली वर मांडतो आणि किडकी खाली घालतो!"

"म्हणून तर," गजराबाई म्हणाल्या.

कृषी पदवीत हा भाग नव्हता. सोनालीनं जीव मुठीत धरून टोपली मांडली. तीन किडकी वर, बावीस किलो चांगली खाली. पहिल्या पाच मिनिटांत तीन गिऱ्हाइकं आली आणि तिन्ही किडकी वांगी गेली. चौथी बाई आली, तिनं टोपली खालपर्यंत उकरली, आणि विचारलं, "मघाशी त्या बाईनं नेलं तसलं अजून न्हाय का?"

"तसलं नाही. हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाली आणि विठाबाईकडं गेली.

बावीस किलो वांगी घरी आली आणि म्हशींपुढं पडली. म्हशींनी काही न विचारता खाल्ली. माणिकप्पांनी धोंडप्पाला फोन लावला. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता, अर्धा एकर. फोन अंगणात उभं राहून केला, म्हणजे बायकोला वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

येळवशीला दोन दिवस उरले तेव्हा नवाच पेच आला. येळवशीला रानात पांडव पुजतात आणि त्यांच्या नैवेद्याला भज्जी करतात. भजी नव्हे, भज्जी: रानात त्या वेळी जे जे उभं असेल ते ते, तुरीचे दाणे, हरभऱ्याचा पाला, वाटाणा, पावटा, गाजर, मेथी, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, बेसन, आणि वांगी. वांग्याशिवाय भज्जी होत नाही. आणि माणिकप्पांच्या रानात येळवशीला चाळीस माणसं जेवतात. त्यांच्या बापाच्या काळात पन्नास जेवायची. ते दहा का कमी झाले याचा हिशेब माणिकप्पा अजून लावतात.

"तिला म्हणावं," ते म्हणाले, "भज्जीत वांगी विठाबाईकडची घालू."

आता मात्र गजराबाईंनी मान वळवलीच नाही. "तिला काय म्हणू? मलाच सांगा. सोताच्या रानात वांगी हुबी असताना पांडवाला बाजारातली? आन् तीबी किडकी?"

"सध्या किडकी चालत्यात."

"माणसांना चालत्यात. पांडवांनी काय मोबाइल घेतलाय व्हय?"

माणिकप्पांनी विठाबाईचा बेत सोडला. पांडवांचा मुद्दा त्यांना खोडता येईना. पण त्या दोन रात्री त्यांना झोप लागली नाही. बोलावलेली माणसं रानात येऊन उपाशी परत गेली तर गावात तोंड दाखवायचं कसं, हे त्यांना सुचेना. बापाच्या पन्नासाचे चाळीस झाले होते. चाळिसाचं शून्य व्हायला एक वांगं पुरेसं होतं.

येळवशीचं बोलावणं कुणी मोडत नाही, हे आमच्याकडं चांगलं आहे. सकाळी गजराबाई डोक्यावर ताकातल्या आंबिलीचं मडकं घेऊन निघाल्या. मागं बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांच्या टोपल्या, खिरीचं पातेलं. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते, ते पांडव. सोनालीनं तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात भज्जी शिजवली. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही, ही रीत तिनं पाळली. पूजा झाली. माणिकप्पांनी पिकावर आंबील शिंपडली. आणि बारापासून माणसं यायला लागली. चाळीसच्या चाळीस. गुरुजी आले, विठाबाई आली. विठाबाईला रान नाही, त्यामुळं येळवशीला सगळ्यांचं रान तिचंच असतं. वीरभद्रही सुट्टी काढून आला होता आणि पाणी वाढत होता. पाण्याला कुणी नावं ठेवत नाही.

पंगत बसली. आंबील गेली, उंडे गेले, खीर गेली. भज्जीही ताटात गेली. पण माणिकप्पा भज्जीचं पातेलं घेऊन दुसऱ्यांदा वाढायला निघाले आणि मधेच थांबले. प्रत्येक ताटाच्या कडेला वांग्याच्या फोडी लावलेल्या होत्या. तूर खाल्ली होती, वाटाणा खाल्ला होता, हरभऱ्याचा पाला चोखून खाल्ला होता. फोडी फक्त बाजूला. गुरुजींच्या ताटात तर त्या एकाच अंतरानं, ओळीत मांडलेल्या होत्या, वहीला समास सोडावा तशा. सगळे फार नम्रपणे जेवत होते.

"वाढू का अजून?" माणिकप्पांनी विचारलं.

"नगं नगं, लई झालं," चाळीस माणसं म्हणाली.

सोनाली चुलीपाशी बसून हे बघत होती. तिचा विचार एव्हाना वांग्यांच्या पलीकडं गेला होता. उद्या सकाळी आठ वाजता धोंडप्पाचं यंत्र आलं की आधी सापळे काढून घ्यावे लागतील, नाही तर पात्यात अडकतील, असं तिच्या मनात चाललं होतं.

जेवण झालं की ज्येष्ठांनी यजमानाचं रान हिंडून बघायचं, हा येळवशीचा शिरस्ता. पोट हलकं होतं आणि यजमानाला बरं वाटतं. पंगत अजून ताटांवरच होती, पण गुरुजी उठले, काठी घेतली आणि निघाले. ज्वारी बघितली, मान डोलावली. हरभरा बघितला, मान डोलावली. वांग्याच्या अर्ध्या एकराला वळसा घालून जायचा त्यांचा विचार होता, पण तिथं काठीला एक पिवळं नरसाळं टांगलेलं होतं, नरसाळ्याखाली लांब पारदर्शक पिशवी होती, आणि पिशवीवर काहीतरी लिहिलेलं होतं. गुरुजींना वाचल्याशिवाय पुढं जाता आलं नाही.

"अगं ए सोनाली," त्यांनी हाक मारली. "हे काय टांगलंयस?"

सोनाली हात पुसत गेली. "हेच ते सापळे, गुरुजी. तुम्हाला बाजारात सांगितलं होतं."

"ह्याच्यात हे काय भरलंय?"

गुरुजींनी पिशवी बोटानं हलवली. आत पाखरांचा थर होता. करडी-पांढरी, नखाएवढी, मेलेली. काही अजून फडफडत होती.

"त्या अळीची पाखरं. नर आहेत सगळे. वर डबीत मादीचा वास आहे. वासाला येतात आणि आत पडतात. नरच राहिला नाही की अंडी फलत नाहीत, अळी होत नाही."

गुरुजींनी डबीकडं पाहिलं. "आणि मादी?"

"मादी नाही. नुसता वास."

"म्हणजे आत कुणी नाहीच?"

"नाही."

गुरुजींनी पिशवीतल्या नरांकडं पाहिलं. "फसवणूक आहे ही," ते म्हणाले.

"हो."

"सरकारमान्य?"

"हो, विद्यापीठाची शिफारस आहे."

"थांब, थांब. म्हणजे ही सगळी पाखरं तुझ्या वांग्यावर आली होती?"

"वांग्यावरच येतात, गुरुजी. अजून कशाला येतील?"

"म्हणजे तुझ्या वांग्याला कीड येते?"

"येते की! रोज येते. आठ सापळे आहेत असे. तरी काही चुकतात, रोज सकाळी शेंडे खुडते, किडकी वांगी तोडून त्या बांधाशी पुरते. तो बघा खड्डा."

गुरुजी खड्ड्यापाशी गेले. काठीनं माती उकरली. आत कालची वांगी होती आणि एका वांग्याच्या भोकातून एक गुलाबी अळी डोकं काढून गुरुजींकडं बघत होती.

"मग हे बाजारात का नाही सांगितलंस!" गुरुजी रागावले, आणि पंगतीकडं तोंड करून, शाळेच्या मैदानाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहो! ह्यांच्या वांग्याला कीड आहे हो! भरपूर कीड आहे!"

माणिकप्पांच्या हातातलं पातेलं खाली टेकलं. चाळीस माणसांसमोर, आपल्याच रानात, येळवशीच्या दिवशी, गावातला सगळ्यात शिकलेला माणूस आपल्या पिकाला कीड आहे म्हणून बोंब ठोकतोय. क्षणभर त्यांना बाप आठवला.

पण पंगत उठली होती ती निराळ्याच घाईनं. हात न धुता माणसं वांग्यात शिरली. आठही सापळ्यांपुढं माणसं उभी राहिली. कुणी पिशवी वर धरून उन्हात बघत होतं. "अरारारा! केवढी रे!" "ह्यात बघ, ह्यात जास्त." खड्ड्यापाशी तर गर्दी झाली. गुलाबी अळी हातोहात फिरली.

माणिकप्पा धावत आले आणि थेट सुनेलाच विचारते झाले, "किती असतील गं?"

"रोजची वीस-पंचवीस एका सापळ्यात, मामा."

"आठ सापळं. म्हंजे दोनशे!" माणिकप्पांनी ते गावाला मोठ्यानं सांगितलं. "दोनशे! रोज!" घराण्याची रीत त्या गडबडीत मोडली, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या तर नाहीच.

गुरुजी एव्हाना बांधावर चढले होते. "मी पहिल्यापासून म्हणत होतो की हे तपासायला हवं," ते म्हणाले. "दोनशे पाखरं रोज जीव द्यायला येतात, त्या वांग्यात खोट असणं शक्य नाही. ही मुलगी किडे थोपवते, म्हणून ते आपल्यापर्यंत येत नाहीत. ह्यात तिचा दोष नाही. शंका असेल त्यानं मला विचारावं."

शंका कुणालाच नव्हती. पंगत पुन्हा बसली. ताटांच्या कडेच्या फोडी आत सरकल्या. गुरुजींचा समास पुसला गेला. मग भज्जी मागवली गेली, मग परत मागवली गेली, आणि माणिकप्पांनी दोन्ही हातांनी वाढली. ज्याचा मेव्हणा झोपला नव्हता तो चार वाट्या जेवला.

विठाबाई हात धुऊन सोनालीजवळ येऊन बसली. "मला ठावंच होतं," ती म्हणाली. "किड्याबिगर वांगं म्या जन्मात बघितलं न्हाय. उद्यापासनं तुझी टोपली माझ्या पोत्याशेजारी मांड. दोघी मिळून इकू."

"पण मावशी, पिशवीवर आता लिहू तरी काय? 'कीड येते' म्हणून लिहू?"

"काय लिवू नगं. जळकोटात वांगं घेताना बाई काय इचारती? कुणाच्या रानातलं, एवढंच. मी सांगीन, माणिकप्पाच्या रानातलं, सुनेनं केलेलं. झालं. लिवल्यालं गुरुजीशिवाय कोण वाचतंय?"

माणिकप्पा कोपीच्या आडोशाला गेले आणि त्यांनी धोंडप्पाला फोन लावला. आवाज मात्र आडोशाला मावला नाही. "उद्याचं राहू दे. न्हाय, परवाबी नगं. अरे, हुबं पीक हाय, त्याच्यावर कसा फिरवतोस? ... मीच सांगितलं व्हतं, व्हय. बरं मग, बी हाय भुईमुगाचं, वढ्याकडची पट्टी मोकळी हाय, तिथं बघू." फोन ठेवून ते परत आले तेव्हा गजराबाई त्यांच्याकडं बघत होत्या. आता मान वळवून कुणाला काही पोचवायचं राहिलं नव्हतं. त्यांनी पदरानं घाम पुसला आणि नुसत्याच बसून राहिल्या.

चारच्या सुमाराला माणसं पांगली. पाठीवर ऊन घेत, ढेकर देत, प्रत्येकाच्या हातात दोन-चार वांगी. मागून घेतलेली. काहींनी किडकी आहेत का म्हणून पाहिलं, पण आता मिळाली नाहीत तरी तक्रार केली नाही. सोनालीनं सकाळपासून पोटात घोटभर आंबिलीशिवाय काही घातलं नव्हतं. तिनं पातेल्याच्या बुडाशी उरलेली भज्जी उंड्यानं पुसून पहिला घास तोंडात टाकला, आणि चावता चावता थांबली.

"आत्या," ती म्हणाली. "मीठ."

"काय झालं मिठाला?"

"पडलंच नाही नीट. अळणी आहे."

गजराबाईंनी बोटावर घेऊन चाखलं. अळणीच होती. चाळीस माणसांनी त्या भज्जीत काय काय शोधलं होतं, मीठ तेवढं कुणी शोधलं नव्हतं. वीरभद्र हसायला लागला. सोनालीला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग तिलाही हसू फुटलं, आणि ते थांबेना.

माणिकप्पा चुलीचे दगड बाजूला सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मला पयल्या घासालाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघून टाक."